अर्धी लादी

ठाण्याच्या डायरीत नोंद अशी :
सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी
आरोपी निकेत डोर्लेकर, वय एकोणीस,
संडासात पाय घसरून पडला.
खाडाखोड नाही. बेंडल हवालदारांचं अक्षर,
शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या मुलाचं असतं तसं.

मी रत्नागिरीहून आले, तरीतून खाडी ओलांडून,
सोबत रायटर, लॅपटॉप,
आणि निकेतच्या आईचा अर्ज.
अर्जाच्या घडीत एक खवला चिकटलेला होता,
तो काढला नाही. टाचणीशेजारी राहू दिला.

मारलं, असं तिने लिहिलेलंच नाही.
लिहिलंय :
डिझेलच्या चोरीत नेला होता, दुसऱ्या दिवशी सोडला,
तेव्हा मुलगा चपला हातात घेऊन घरी आला.
का, ते तुम्ही विचारा.

विचारलं. दिवसभर जबाब.
पडला, मॅडम.
शेवाळ धरतं ना इथे, खारी हवा.
चौघांनी शेवाळ म्हटलं
आणि चौघांनी एकाच जागी श्वास घेतला.
सरकारी डॉक्टरांच्या दाखल्यात
डोकं आहे, छाती आहे, कोपर आहे,
माणूस घोट्याशी संपतो.

कोठडी बघितली. फरशी घासून पांढरी,
फिनेल डोळ्यांत झोंबत होतं.
भिंतीवर नखाने कोरलेली होडी, शिडाची,
जुनी, निकेतची नव्हे.
खूप जण बसून गेलेत इथे, पाणी नसताना.

आणि कॅमेरा?
दीड ते चार चित्र नाही. लाइट गेलेली.
आमच्याकडची लाइट म्हणजे, मॅडम...
सगळे हसले. मीही हसले,
कारण खरंच, इथली लाइट म्हणजे.

संध्याकाळी जेटीवर चहा घेताना
मागे काहीतरी घरघरत होतं
ते दिवसभर कानावर होतं, ऐकलं मात्र आत्ता.
बर्फाचा कारखाना. ठाण्याला पाठ लावून.
दोघांचा डीपी एकच.

अब्बास वस्ता म्हणाले, लाइट? त्या रात्री?
गेली असती तर तीनशे लाद्यांचं पाणी
खाडीत सोडलं असतं मी, बाई,
आणि मरेपर्यंत तारीख सांगितली असती.
मग रजिस्टर आणलं, कडा फुगलेलं,
अंगठा ओला करत उलटलं :
दोन वाजून वीस. अर्धी लादी.
पोलीस ठाणे. पैसे येणे.
सही, घवाळी.

घवाळी सगळ्यांत लहान. नोकरीला आठ महिने.
पहाऱ्यावर होता.
बसायला सांगितलं तरी उभाच.
रात्री सव्वादोनला बर्फ कशाला, घवाळी?
पाय सुजले होते.
कोणाचे?
निकेतचे.
आरोपीचे नाही म्हणाला. निकेतचे.
कोणी पाठवलं?
कोणीच नाही. सायकल होती. गोणपाटात गुंडाळून आणली.
मग ते थांबले?
तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला.
बर्फ बघून हसले, म्हणाला. मग थांबले.

रायटर माझ्याकडे बघतोय, टाइप करू का?

मला नियम पाठ आहेत.
कागदावर सापडलेलं नाव एकच,
बाकीचे चौघे शेवाळ आहेत.
उद्या निलंबनाचा पहिला आदेश
गोणपाट धरलेल्या हातात पडेल
आणि त्याखाली माझ्या अहवालाचा जावक क्रमांक असेल.
न लिहिलं तर निकेत पडलाच.

कर टाइप, म्हटलं.
परिच्छेद पहिला :
पडण्याच्या पावणेचार तास आधी
सुजेवर बर्फ आलेला होता.

सही करताना घवाळीने पेन थांबवलं.
मॅडम, वस्तांचे साठ रुपये राहिलेत,
ते कोणी द्यायचे?

रायटरच्या हाताला सवय,
त्याने तेही टाइप केलं.
मी खोडलं नाही.